माझ्या टाकीत एकच शर्यत होती

मित्रांनो, मी जुना आहे, गंजका आहे आणि पाण्याचा टँकर आहे. यातलं काही लपवण्यात अर्थ नाही, कारण तिन्ही गोष्टी लांबूनच दिसतात. कधीकाळी माझ्या पाठीवर निळ्या अक्षरांत ‘पिण्याचे पाणी’ असं लिहिलेलं होतं. त्यातला पहिला शब्द उन्हाने खाल्ला. ते एका अर्थी बरंच झालं, कारण हल्ली माझ्यातलं पाणी माणसं पीत नाहीत, माती पिते. आणि मातीइतकं तहानलेलं गिऱ्हाईक मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

माझी टाकी मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात घडली. पत्रे वळवले, सांधे जोडले, मागे वर चढायला एक शिडी लावली आणि मला एका ट्रकच्या पाठीवर चढवून दिलं. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा एका सांध्यातून बारीक धार लागली. वेल्डर हसला, त्याने पुन्हा ठिणग्या उडवल्या आणि धार थांबली. त्यानंतर मी भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांमध्ये कामाला लागलो. वळणावर माझं तोंड दिसायचा अवकाश, की ‘टँकर आला, टँकर आला!’ अशी एकच आरोळी उठायची. हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे घेऊन माणसं धावत यायची. माझ्या नळीवरून भांडणं व्हायची आणि नळीपाशीच मिटायचीही. एवढं स्वागत नवरदेवाचंसुद्धा होत नसेल, असं मला तेव्हा वाटायचं. तरुणपणी थोडी घमेंड असतेच.

मग वस्तीत नळ आले. चांगलीच गोष्ट झाली, मी ती चांगलीच म्हणणार. पण माझी वाट बघणारं कुणी उरलं नाही. मला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि विसरून गेले. पोरांनी माझ्या पोटावर खडूने तीन स्टंप काढले. चेंडू लागला की मी आतून घुमायचो. त्या आवाजाची मला सोबत वाटायची. आपण अजून पोकळ आहोत, म्हणजे अजून भरता येण्यासारखे आहोत, एवढं तरी कळायचं.

तिथून मला गोराईच्या भिकाजीकाकांनी नेलं. बोरिवलीच्या किनाऱ्यावरून बोटीत बसलात तर गोराई काही मिनिटांचं गाव. मला मात्र बोटीत कोण घेणार? भाईंदर आणि उत्तनचा लांबलचक वळसा घालून मी धापा टाकत तिथे पोचलो. भिकाजीकाका पिढीजात मासेमारी करणारे. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून होडीवर जाणं सोडलेले. त्यांच्या पडीक शेतात गावातल्या आणि उपनगरांतल्या हौशी मंडळींनी मातीचा एक लंबगोल ट्रॅक केला होता. दर रविवारी दुपारनंतर तिथे गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. गाड्या म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतात तशा चकचकीत नाहीत. लोखंडी पाइपांचा पिंजरा, त्यात जुन्या आठशे सीसीच्या गाडीचं इंजिन, चार जाड टायर आणि एक माणूस. दरवाजा नाही, काच नाही, हॉर्नसुद्धा नाही. वळणावर त्या शेपूट बाहेर टाकून अशा आडव्या घसरत जायच्या की पहिल्या दिवशी मी डोळेच मिटले असते, डोळे असते तर.

माझं काम शर्यतीआधी ट्रॅकवर पाणी मारायचं. माझ्या मागे भोकाभोकांची एक आडवी नळी बसवली. भिकाजीकाकांचा मुलगा कृणाल मला चालवायचा आणि मी चालता चालता माती भिजवत जायचो. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. कमी पाणी मारलं तर धूळ, जास्त मारलं तर चिखल. एकदा उशीर झाला म्हणून पाणी न मारताच शर्यत सोडली, तर धुळीचा असा लोट उठला की मागच्याला पुढचा दिसेना. बोरिवलीच्या श्रेयसची गाडी बांधावर चढली आणि त्याचं खांद्याचं हाड मोडलं. त्या दिवसापासून नियम झाला, टँकर फिरल्याशिवाय शर्यत नाही. मला पुन्हा एकदा कुणीतरी वाट बघणारं मिळालं.

हा नियम केला मंजुळामावशीने. मंजुळामावशी म्हणजे भिकाजीकाकांची बायको. सगळा ट्रॅक तिच्याच शब्दावर चालायचा. आठवडाभर ती बोरिवलीच्या बाजारात मासे विकायची आणि रविवारी इथे माइक हातात घ्यायची. खरं तर तिला माइकची गरज नव्हती. तिचा आवाज लिलावात तयार झालेला होता. ती ‘चला रे, लायनीत या!’ म्हणाली की बंद पडलेलं इंजिनसुद्धा चालू होईल असं वाटायचं.

पहिल्या वर्षी शर्यत एकच असायची. जेवढ्या गाड्या येतील तेवढ्या सगळ्या एकत्र सुटायच्या. मग मरोळच्या दोघांनी आपल्या गाड्यांच्या डोक्यावर पत्र्याचे मोठे पंख बसवले. वारा पंखावर दाबला की गाडी जमिनीला चिकटून वळते म्हणे. ज्यांच्याकडे पंख नव्हते ते कुरकुरले. मावशीने त्यांचं ऐकून घेतलं आणि दोन गट केले, पंखवाले आणि बिनपंखाचे. मग कुणी साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाऐवजी नव्या तऱ्हेचं, इंजेक्शनचं इंजिन टाकलं. पुन्हा कुरकुर. दोनाचे चार गट झाले. शेवटी त्याच वर्षी गाडी बांधलेले नवशिके आले. ते म्हणाले, आमचा या जुन्या खोडांपुढे काय निभाव लागणार? झाला पाचवा गट.

यात मावशीचा दोष होता तो फक्त चांगुलपणाचा. कोळीवाड्यात होडी किनाऱ्याला लागली की जाळं ओढायला ज्याचा ज्याचा हात लागला, त्याला त्याला वाटा मिळतो. मासळीचे लहान लहान ढीग करतात आणि प्रत्येकाच्या पदरात एकेक टाकतात. मावशी त्याच रीतीत वाढलेली. “माझ्या दारातून कोन रिकाम्या हाताने जायाचा नाय,” असं ती म्हणायची. म्हणून पाच गट आणि पाच कप.

मित्रांनो, मला विचाराल तर त्या सगळ्या गाड्या एका आईची लेकरं होती. मी दर रविवारी जवळून बघायचो, तरी चिखल उडाला की कुठली कुठल्या गटातली ते मलाही ओळखू यायचं नाही. पण माझी चंगळ झाली होती. प्रत्येक गटाआधी पाणी मारायचं म्हणजे दिवसाला पाच फेऱ्या! मध्ये विहिरीवर जाऊन पुन्हा भरून यायचं. मी स्वतःला ट्रॅकचा राजा समजू लागलो होतो.

प्रजा मात्र पांगत चालली होती. एका गटात तीन गाड्या, कधी दोन. त्या एकामागून एक अशा फिरायच्या, की शर्यत आहे की वरात आहे ते कळू नये. मग मी पाणी मारायचो, मग पाणी मुरायची वाट बघायची, मग पुन्हा तीन गाड्या. बघणारी माणसं जांभया द्यायची आणि उन्हं कलली की बोट चुकेल म्हणून जेट्टीकडे निघायची. जिंकलेले लोकही आपला कप टेम्पोत टाकून लवकरच घरी जायचे. थांबून बोलण्यासारखं काही घडलेलंच नसायचं.

श्रुतिकाचा गट सगळ्यात शेवटी असायचा. श्रुतिका भांडुपची. मरोळला चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. तिचे वडील नितेश जन्मभर लेथ मशीनवर काम करून आता निवृत्त झालेले. एका ओळखीच्या गाळ्यात रविवार-रविवार खपून बापलेकीने वर्षभरात ती गाडी बांधली होती. साधं इंजिन, वर पिवळा पंख. त्या पंखावर शेजारच्या मसालेवाल्याची जाहिरात होती. दोन लिटर ऑइलच्या बदल्यात ती रंगवून घेतली होती.

नितेश मितभाषी माणूस, जे काही बोलायचा ते मालवणीत. ट्रॅकवर दुसरी सावली नाही, म्हणून तो नेहमी माझ्या सावलीत बसायचा, थर्मासमधला चहा प्यायचा आणि शर्यतीकडे बघायचासुद्धा नाही. इंजिनाचा आवाज ऐकत बसायचा. श्रुतिका कप घेऊन आली की तो कप हातात घ्यायचा, उलटा करून बुडाची जोडणी तपासायचा आणि म्हणायचा, “तीन गाड्यांत पयली. बरां झालां.”

तो हे टोचून बोलायचा नाही. खरं तेच बोलायचा, आणि म्हणूनच ते श्रुतिकाला जास्त लागायचं. शर्यत संपली की ती माझ्या नळावर तोंड धुवायला यायची. पहिल्या एक-दोन कपांच्या वेळी ती पाणी उडवत गाणं गुणगुणायची. नंतर नंतर नुसतंच तोंड धुवायची आणि नळ घट्ट बंद करून जायची.

ही गोष्ट गेल्या मे महिन्यातल्या रविवारची आहे. त्या दिवशी मुलुंडचा सौरभ टेम्पो घेऊन आला होता. सौरभ शर्यतवाला नाही. त्याने मुलुंडला कॅफे काढला होता आणि दारात उभी करायला त्याला अशीच एक गाडी हवी होती. श्रुतिका आणि तो माझ्या शेजारीच उभे राहून बोलत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“इंजिन ठेवलंस तरी चालेल, काढलंस तरी चालेल,” सौरभ म्हणाला. “मला काय, सीटवर मनीप्लांट ठेवायचाय. लोक फोटो काढतील. एकदम झकास दिसेल ना!”

“आजची शर्यत झाली की घेऊन जा,” श्रुतिका म्हणाली. “पप्पांशी बोललेय मी. ते म्हणाले, गाडी तुझी आहे.”

नितेश माझ्या चाकाला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही. पण थर्मासचं झाकण त्याने उगाचच काढलं आणि पुन्हा लावलं. वर्षभर लेथवर कातलेले सुटे भाग, घासून बसवलेला एकेक बोल्ट, आणि त्यात आता मनीप्लांट! मलाच भडभडून आलं. मीही रस्त्याच्या कडेला उभा राहिलेलो आहे, मित्रांनो. कामाची वस्तू शोभेला उभी करतात तेव्हा तिच्या जिवाला काय होतं, ते मला कुणी सांगायला नको.

तेवढ्यात कृणालने मला विहिरीवर नेलं. भिकाजीकाकांच्या विहिरीत आतल्या बाजूला एक काळा दगड पुढे आलेला आहे. पाणी त्या दगडाखाली उतरलं की पंप बंद करायचा, ही तिथली जुनी रीत. दगडाखालचं पाणी आसपासच्या घरांचं, गुरांचं आणि भाजीच्या वाफ्यांचं. शर्यतीला त्यातला थेंब मिळायचा नाही. एरवी दगड जूनपर्यंत पाण्यातच असायचा. यंदा उन्हाळा कडक पडला होता. माझी टाकी काठोकाठ भरत आली आणि दगडाचं डोकं वर आलं.

“बास!” म्हणून भिकाजीकाकांनी पंप बंद केला.

“बाबा, अजून चार खेपा लागतील,” कृणाल म्हणाला. “पाच गट आहेत.”

“गट तुमचे, पानी गावचा,” काका म्हणाले आणि पंपाची खोली बंद करून निघाले.

मी ट्रॅकवर परत आलो ते ही बातमी घेऊनच. माझ्या पोटात एका वेळचं पाणी होतं. ट्रॅक एकदा नीट भिजेल एवढंच. म्हणजे शर्यतही एकच.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. प्रत्येकाला वाटे, पाणी आपल्याच गटाला मिळावं. इंजेक्शनवाले म्हणाले, आमच्या गाड्या सगळ्यात वेगवान, लोक आम्हाला बघायला येतात. साधे म्हणाले, ट्रॅक आम्ही सुरू केला. नवशिके म्हणाले, आम्हाला कधीच पहिला मान मिळत नाही. दोन पंखवाल्यांची तर शब्दाने शब्द वाढून कॉलर धरण्यापर्यंत मजल गेली.

कृणालने मधला मार्ग सुचवला. “आई, असं करू. पाचही वेळा थोडं थोडं मारतो. नुसतं शिंपडल्यासारखं.”

“वरवर शिंपडून काय होनार हाय?” मावशी म्हणाली. “वर निसरडा आणि खाली धूळ. परत कोनाचा तरी खांदा मोडंल.”

श्रेयसने नकळत आपला खांदा चोळला. खांदा एव्हाना बरा झाला होता आणि तो पुन्हा शर्यतीत उतरत होता.

मग श्रुतिका पुढे झाली. “मावशी, आमच्या गटाचं पाणी दुसऱ्या कुणाला दे. आज आम्ही दोघीच आहोत, मी आणि अक्षता. न पळताच सांगते, एक पहिली, एक दुसरी.”

“असं का बोलतंस, बाय? तू तर आपली चॅम्पियन,” मावशी म्हणाली.

“कसली चॅम्पियन, मावशी!” श्रुतिकाचा आवाज एकदम चढला. “घरी कपांनी कपाट भरलंय. आई त्यात चमचे ठेवते. पण मला आजपर्यंत एकदाही कुणी ओव्हरटेक केलं नाही, कारण मागे कुणी नसतंच. मला येतं की नाही येत, तेच मला माहीत नाही. एकटीच पळायचं असेल तर गाडी कॅफेत उभी राहिलेली काय वाईट?” तिचे डोळे भरले होते. तिने हेल्मेट डोक्यात घातलं, म्हणजे कुणाला दिसू नयेत.

मावशीने ट्रॅकच्या कडेला पाच रांगांत उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहिलं. इथे तीन, तिथे दोन, पलीकडे तीन. मध्ये मोकळी जागा. मासेवाली आपल्या मासे मांडलेल्या फळीकडे बघते तशी ती बघत राहिली. मग स्वतःशीच हसली.

“मी पन काय मूर्ख हाय,” ती माइकवर म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण हे वाक्य तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. “पोरांनो, एवढीशी करंदी मिळाली आनि तिचे दहा वाटे मांडले, तर गिऱ्हाईक फळीसमोर उभा राहील का? एकेका वाट्यात चार चार करंद्या! मी रोज बाजारात असा कधी करत नाय. थोडी मासळी असली की एकच मोठा वाटा लावते, म्हंजे लांबून पन दिसतो. आनि हितं मात्र मी पाच वाटे लावून बसलेय.” तिने पदर खोचला. “आज एकच वाटा. सगळे एकत्र.”

पुन्हा आरडाओरडा झाला. पंखवाले आणि बिनपंखाचे एकत्र कसे पळणार, असा सवाल आला.

“पंख बोल्टाने बसवलेत ना? मग पाने घ्या नि काढा. इंजेक्शनवाल्यांनी मागून सुटायचा, साध्यांनी पुढून. आनि हे ज्याला नाय पटत त्याने बोट पकडायची.”

बोट कुणीच पकडली नाही. पाने निघाले. थोड्या वेळात माझ्याशेजारी पत्र्याच्या पंखांचा ढीग लागला. मसालेवाला, चपलांचं दुकान, ड्रायव्हिंग स्कूल, सगळ्या जाहिराती आडव्या पडल्या. श्रुतिकाचा पिवळा पंख काढायला नितेश स्वतः उठला. दोघांनी मिळून तो खाली ठेवला. पंख गेल्यावर सगळ्या गाड्या इतक्या सारख्या दिसू लागल्या, की एक नवशिका चुकून दुसऱ्याच्याच गाडीत जाऊन बसला.

मग मी निघालो. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ पाणी वाटलं आहे, पण त्या दिवसासारखं कधी नाही. घाई नव्हती. कृणालने मला पहिल्या गिअरमध्ये हळूहळू फिरवलं, आतून बाहेर, बाहेरून आत. कोपरा न कोपरा भिजवला. मातीचा तो वास आला आणि कडेला उभी असलेली माणसं आपसूक जवळ सरकली. शेवटचा थेंब पडला तेव्हा मी अगदी हलका झालो होतो. मला आतल्या कडेला उभं केलं आणि मावशीने झेंडा वर केला.

चौदा गाड्या एकदम सुटल्या. जमीन अशी थरथरली की माझ्या शिडीचे बोल्ट वाजू लागले. पहिल्याच वळणावर चिखलाचा मारा माझ्या अंगावर बसला. श्रुतिका पाचवी सुटली होती. पहिल्या फेरीत तिला दोघांनी मागे टाकलं, दुसरीत आणखी एकाने. मागून इंजेक्शनवाल्या गाड्या गुरगुरत आल्या आणि अजून दोघे पुढे गेले. ती दहावी झाली. तिचं हेल्मेट डावीकडे वळे, उजवीकडे वळे. कोण कुठून येतंय तेच तिला कळत नव्हतं. एवढे दिवस जिच्या मागे कुणी नव्हतं, तिच्या आता चारी बाजूंना माणसं होती.

“अगो, बाहेरसून!” माझ्या चाकाशी कुणीतरी ओरडलं. तो नितेश होता. तो उभा राहिला होता. मग त्याने थर्मास तिथेच आडवा टाकला, माझ्या मागे धावत गेला आणि साठी उलटलेला तो माणूस शिडीवरून थेट माझ्या टपावर चढला. टपाचा पत्रा त्याच्या पायांखाली वाजत होता. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

शर्यत निम्मी झाली तशी उन्हाने माती वाळायला लागली. मधला पट्टा गुळगुळीत, कोरडा आणि कडक झाला. पहिल्या गटांत पळायची सवय असलेल्यांच्या गाड्या तिथे घसरू लागल्या. त्यांना नेहमी ताजी ओली माती मिळालेली. पण श्रुतिका कायम शेवटच्या गटातली. तोवर मी थकलेला, उजेड कमी, म्हणून तिच्या वाटची फेरी घाईत उरकलेली आणि ट्रॅक लगेच सुकलेला. सुकलेल्या मातीवर गाडी कशी अलगद धरायची, एवढं एकच तिला इतरांपेक्षा जास्त येत होतं, आणि ते येतं हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तिने गाडी बाहेरच्या कडेला नेली, जिथे थोडी ओल उरली होती. एकाला मागे टाकलं. मग अक्षताला. पुढच्या वळणावर आणखी एकाला, इतक्या जवळून की दोघांचे टायर एकमेकांना घासले. शेवटच्या फेरीत ती आणि एक इंजेक्शनवाली गाडी जोडीने आली, आणि झेंडा पडला तेव्हा तिचं पुढचं चाक वीतभर पुढे होतं.

श्रेयस पहिला आला. श्रुतिका सहावी.

कप पाचच होते. मावशीने ते पहिल्या पाचांना वाटून टाकले. श्रेयसच्या कपावर ‘नवशिके – प्रथम’ असं कोरलेलं होतं, त्यावरून त्याची यथेच्छ टर उडाली. बाकीच्यांचे हात रिकामे. मावशीचा चेहरा उतरला होता, कारण तिच्या दारात असं कधी झालं नव्हतं. ती म्हणाली, “माफ करा रे पोरांनो.” पण कुणाचं लक्षच नव्हतं. कुणीही घरी जायला निघालं नव्हतं. जो तो दुसऱ्याला हातवारे करून सांगत होता, तू तिथे आत शिरलास तेव्हा मी इथे होतो. ज्यांनी कॉलर धरली होती ते दोघे एकाच बाटलीतून पाणी पीत होते. जेट्टीवरून निरोप आला, बोट शेवटची आहे, कुणी येणार आहे की नाही?

श्रुतिका गाडीतून उतरली ती चिखलाने माखलेली. फक्त दात दिसत होते, कारण ती हसत होती. नितेश टपावरून खाली उतरून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“तिसऱ्या वळणार गिअर कित्याक बदललंस?” त्याने विचारलं. “थंयच एक जागा गेली तुझी.”

“पप्पा, नसता बदलला तर फिरले असते मी! पुढे तो निळा आडवा आला होता!”

“आडवो येतलोच तो. तू आतसून जाऊक होया होतंस.”

“आतून? तिथे जागा होती का?”

“होती. माका वरसून दिसत होती.”

दोघे भांडत होते. खरं खरं, मनापासून, हात उडवून. इतक्या रविवारांत मी त्या बापलेकीला शर्यतीबद्दल एक वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. आज त्यांना थांबवायचं कसं हा प्रश्न होता.

सौरभ टेम्पोची दोरी हातात घेऊन आला. “चढवायची ना गाडी?”

श्रुतिकाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो कोण हे तिला आठवायला वेळ लागला. “नाही रे. सॉरी यार. गाडी नाही विकत.”

“अरे, पण तू तर सहावी आलीस!”

“हो ना!” ती म्हणाली. “सहावी! चौदा जणांत!” आणि मग तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

त्यानंतर ट्रॅकवर गट वाढलेले नाहीत. पाऊस संपून ट्रॅक पुन्हा सुरू झाला तेव्हाही मावशीने एकच मोठी शर्यत ठेवली आणि तिच्याआधी एक लहानशी सरावाची. माझ्या फेऱ्या कमी झाल्या. सुरुवातीला मला थोडं चुटपुटल्यासारखं झालं, नाही म्हणत नाही. पण कृणालला आता वेळ मिळतो, तो माझ्या नळीची बुजलेली भोकं तारेने मोकळी करतो आणि चाकांना ग्रीस लावतो. मी जे पाणी मारतो ते सावकाश आणि पोटभर मारतो. या वयात एवढं सुख पुरे.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, मैदानावर कुणी मागे पडत असेल, तर त्याला सांभाळा. पण सांभाळायचं म्हणून त्याला वेगळा काढून एकट्याला पळवू नका, आणि एकट्याने पळाल्याचा कप त्याच्या हातात देऊ नका. त्याला आपल्यात घ्या. त्याला मागे टाका, त्याला तुम्हाला मागे टाकू द्या, मग दोघे मिळून त्यावर कडकडून भांडा. पायाखालची माती तेवढी आधी नीट भिजवून ठेवा, म्हणजे पडलं तरी कुणाचं हाड मोडणार नाही. ती भिजवायला माझ्यासारखं जुनंपानं कुणीतरी तुमच्या आसपास असेलच. त्याच्याकडे एकदा बघा. बहुतेक ते रिकामं उभं असेल, आणि कुणीतरी येऊन आपल्याला भरेल याची वाट बघत असेल.